खालची ओळ

लॅपटॉपच्या काळ्या स्क्रीनवर दोन ओळी आल्या. वरची नवी विंडोज, खालची जुनी.

"काहीच नाही दाबलंस तर आपोआप नवी उघडते. ती माझी, तिला पासवर्ड आहे," जयेश म्हणाला. "संचिताचा गेम लावायचा तर खालची ओळ. बाकी कशाला हात लावू नकोस."

"नवीत का नाही चालत तो?"

"अगं, तुझ्या लहानपणीची सीडी ती! नवी तिला ओळखसुद्धा दाखवत नाही. जुनं जुन्यातच शोभतं. तुझ्यासारखं."

हेमांगी हसली. हल्ली ती त्याच्या सगळ्याच बोलण्याला हसायची. "जुनीतून तुझं ऑफिसचं काही दिसणार नाही ना? उगाच माझ्या हातून उडायचं."

"पासवर्ड आहे म्हटलं ना. तू ससा शोध."

गेममध्ये एक ससा लपायचा. पाच वर्षांची संचिता रोज दुपारी आईच्या मांडीवर बसून तो शोधायची. ती झोपली की हेमांगी एकटीच बसून राहायची. जुनी चालू असली की नवी बाजूला नुसती पडून असायची, इतर फोल्डरांसारखी एक, पासवर्ड न विचारता उघडणारी.

संध्याकाळी माजिवड्याच्या ऑफिसातून आला की जयेश विचारायचा, "काय, सापडला का ससा?"

"शोधतेय."

घटस्फोटाचा अर्ज त्यानंच केला होता. डोंबिवलीचं घर तो सोडायला तयार होता. त्याला फक्त संचिता हवी होती. आणि कारण त्याच्याकडे होतं: हेमांगीचा विसराळूपणा. पावसाळ्यापासून तीनदा घरात गॅस चालू राहिला होता. शेगडी विझलेली, नुसता वास. तिन्ही वेळा जयेशच ओरडला म्हणून कळलं. मग मुलीच्या काळजीनं त्यानं ओट्यावर कॅमेरा लावला. तरी चौथ्यांदा तेच.

तेव्हापासून हेमांगी झोपण्याआधी नॉब चाचपायची. पुन्हा उठून चाचपायची. मग संचिताच्या नाकाशी बोट धरून बसायची.

शेजारची रचना चिडली. "अगं, कॅमेऱ्यातलं तो कोर्टात दाखवणार. पोर जाईल हातची! आणि तू गेम कसले खेळतेस?"

"संचिताला आवडतो गं," हेमांगी म्हणाली.

कल्याणच्या कोर्टात समुपदेशक मॅडमनी दोघांना समोर बसवलं. संचिता आईला चिकटून होती.

"मॅडम, मला बायकोची बदनामी नाही करायची," जयेशनं लॅपटॉप उघडला. "पण उद्या पोरीचं काही झालं तर?"

दोन ओळी आल्या. त्यानं काहीच दाबलं नाही. नवी उघडली. पासवर्ड टाकून त्यानं व्हिडिओ लावला, स्क्रीन मॅडमकडे वळवली आणि खुर्चीत मागे टेकला.

"बघा कशी धावत येते. पोरीला कशी खेचते. ही काय मूल सांभाळणार?"

मॅडम बघत राहिल्या. "धावत तर कुणीच आलं नाही."

"येईल ना. सुरुवातीलाच आहे."

"सुरुवातीला तुम्ही आहात."

त्यांनी स्क्रीन त्याच्याकडे फिरवली. रिकाम्या स्वयंपाकघरात जयेश उभा होता. त्यानं एकदा हॉलकडे पाहिलं, गॅसचा नॉब फिरवला आणि लायटरला हात न लावता निघून गेला.

"हे... हे तर मी कापलं होतं! ही मूळ फाईल इथे कशी आली?" जयेशच्या तोंडून निघालं.

हेमांगीनं संचिताच्या केसांवरून हात फिरवला.

"सापडला गं ससा."