सातवं रीळ

“अगं, ही बया परत कुठं निघाली?” मावशी अंधारातच खुर्चीवरून उठल्या.

पडद्यावर नायिका सुटकेस घेऊन घराबाहेर पडत होती. मागं दारात तिचा तो चक्रम लेखक नवरा उभा, बोटं शाईनं बरबटलेली. पण आत्ताच तर ती परत आली होती! त्यानं दार उघडलं होतं, सुटकेस आत घेतली होती, दोघं हसली होती. तिथंच सिनेमा संपतो. तिथंच ‘समाप्त’ येतं. मावशींनी हा सिनेमा तीस वेळा पाहिलेला. त्यांना कोण शिकवणार?

“आई, खाली बस ना. बघू दे,” शेजारून लेक म्हणाली.

“काय बघतेस? हे आधीचं आहे. आधी जाते, मग येते. त्या टकल्या ऑपरेटरनं काहीतरी घोळ घातलाय.”

थिएटरात दोघीच होत्या. सिनेमा नवा होता तेव्हाही फार तर चार टाळकी जास्त असतील. आठवड्यात उतरला. रिळांचे डबे परत न्यायचंही कुणाला सुचलं नाही. मावशींचे यजमान इथंच ऑपरेटर होते आणि मावशी तिकिटाच्या खिडकीवर. यजमान वर्षातून एकदा, सकाळच्या रिकाम्या वेळात, मावशींपुरता हा सिनेमा लावायचे. ते गेल्यापासून खंड पडला होता. आज मावशींनी नव्या ऑपरेटरला गळ घातली ती लेकीसाठी.

लेकीचा नवराही लेखकच. आठ-आठ दिवस तोंड उघडायचा नाही. लिहिलेलं टराटरा फाडायचा आणि खापर बायकोवर फोडायचा. तू भांडी वाजवलीस. तू पाय घासत चाललीस. गेल्या महिन्यात त्यानं टेबलावरचा दिवा फेकला, तो तिच्या कानाजवळून भिंतीवर गेला. लेक माहेरी आली. काल त्याचा फोन आला, उद्या संध्याकाळपर्यंत यायचं तर ये, नाहीतर कायमची तिकडेच राहा.

“तू म्हणशील तसं करते,” लेक सकाळी म्हणाली. “माझं डोकंच चालत नाही.”

मावशींचं डोकं कधी थांबलं होतं? “चल, तुला एक बाई दाखवते. तिच्याही नशिबी असलाच वल्ली. गेली होती तणतणत. पण शहाणी म्हणून परत आली, आणि सगळं सुरळीत झालं.”

आणि ती शहाणी आता बसमध्ये चढत होती. मागं वळून पाहिलंही नाही तिनं. लेखक आत जाऊन कागदांवर वाकला. ‘समाप्त’.

मावशी तरातरा जिना चढून ऑपरेटरच्या खोलीत शिरल्या.

“डोळे घरी ठेवून आलात का? शेवटची दोन रिळं उलटी लावलीत!”

“उलटी नाही मावशी, सुलटी.” तो मधल्या वयाचा टकला माणूस शांतच होता. “फिल्मच्या तोंडाशी आकडे आहेत, बघा. हे सात, हे आठ. सातव्यात ती बहिणीचं बाळंतपण आटपून घरी येते. आठव्यात कायमची जाते. आधीच्यांनी आठवं आधी लावलं होतं. ‘समाप्त’ची पट्टी कापून सातव्याच्या शेपटीला चिकटवली होती. मी काल ती काढून जागेवर लावली.”

बाळंतपण! म्हणजे परतताना तिच्या हातात ते झबलं होतं ते बहिणीच्या पोराचं. हे झबलं कुणाचं, असं मावशी दर वर्षी विचारायच्या. यजमान मशीन पुसत बसायचे. शेवटी मावशींनीच समजूत काढली होती, लेखक येडा, तर सिनेमा सरळ कसा असेल?

“तीस वर्षं उलटा? आणि कुणाला कळलं नाही?”

“कळायला कुणी बघायला तर हवं! आणि आठव्या डब्यात हे चिटोरं होतं. झाकणाला आतून चिकटवलेलं.”

मावशींना वाचायला वेळ लागायचा. एकेक अक्षरावर बोट ठेवत त्यांनी वाचलं. अक्षर यजमानांचं होतं.

‘गुरुवार. ती तीनच्या खेळाला येणार. आठ आधी. सात शेवटी.’

मावशी स्टुलावर बसल्या.

तो गुरुवार. लग्नाला तीन वर्षं झालेली, लेक पोटात. यजमानांनी जेवणाची काचेची बशी भिंतीवर फोडली म्हणून मावशी वीस दिवस आईकडे राहिल्या होत्या. त्या दिवशी त्या घराच्या किल्ल्या परत द्यायला आल्या होत्या, कायमच्या. यजमान खाली मान घालून म्हणाले होते, “घेतो. आधी एवढा सिनेमा बघ.” मावशींनी बघितला. किल्ल्या मुठीत तशाच ठेवून त्या सरळ घरी गेल्या. बश्या नंतरही फुटतच राहिल्या. मग मावशींनी स्टीलच्या आणल्या.

“पाणी देऊ का मावशी?”

त्यांनी नको म्हणून मान हलवली आणि कठडा धरून, एकेक पायरी बघत खाली आल्या. लेक पांढऱ्या पडद्याकडं टक लावून बसली होती.

“आई, मला काहीच कळलं नाही. तू म्हणालीस परत येते, इथं तर निघून गेली. मी काय समजू? शेवटी ती नवऱ्याकडं परत जाते की नाही?”

मावशी तिच्याशेजारी बसल्या.

“नाही गं,” त्या म्हणाल्या. “ती नाही गेली परत. मी गेले होते.”