सबंध समुद्राच्या मानाने

मासेमारीच्या त्या जहाजावर सरकारने नेमलेली ती एकटीच निरीक्षक. तीन महिने चहूकडे बर्फ, आणि ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच कप्तानाबरोबर दोन वेळचं जेवण. जहाज क्रिल पकडायचं, कोळंबीसारखे इवलेसे जीव, पेंग्विनचं मुख्य खाणं. आठवडाभर ते एकाच दाट घोळक्यावर येरझाऱ्या घालत होतं. समोरच्या किनाऱ्यावर पेंग्विनची पिल्लं चोची वासून बसली होती आणि त्यांचे आईबाप दूरवर पोहून रिकामेच परतत होते.

"कप्तान, जाळं दुसरीकडे टाका. पिल्लं मरतायत."

"दुसरीकडे आहे कुठे, मॅडम? दोनशे किलोमीटर नुसतं पाणी आणि इथे एवढी गर्दी. क्रिल असंच असतं. आणि मी नियम मोडलाय का? सबंध समुद्राच्या मानाने हे एक टक्कासुद्धा नाही."

ते खरंच होतं. अहवालात रकानाही एकच होता: एकूण किती पकडलं. तिने आकडा भरला. मग पान उलटून कोऱ्या बाजूवर सगळं लिहून काढलं. जागा, तारखा, मेलेली पिल्लं. सही केली आणि कार्यालयाला पाठवण्यासाठी कागद कप्तानाच्या हातात दिला. दुसरा मार्गच नव्हता.

कप्तानाने दोन्ही बाजू शांतपणे वाचल्या. तो रागावला नाही. त्याने तिच्यासाठी खुर्ची पुढे सरकवली.

"बसा, मॅडम. मागची बाजू तिकडे कोणी बघत नाही. तुमच्या आधीचे तिघेही मागेच लिहायचे."