हवा कुठी जाते

काटा पुन्हा खाली येत होता.

डोमाजी स्टिअरिंगवर हात ठेवून हवेच्या मीटरकडे बघत बसले. इंजिन चालू केलं की हवेची टाकी भरायची, बंद केलं की काटा लाल पट्ट्याकडे उतरू लागायचा. आलापल्लीच्या पुढं, सागाच्या जंगलातल्या रस्त्याच्या कडेला त्यांची जुनी बस उभी होती. आत दोन पलंग, शेगडी, पाण्याचा ड्रम आणि खिडक्यांना वच्छलाबाईंनी शिवलेले पडदे. बसचं घर करून नवराबायको पहिल्यांदाच सिरोंच्याला निघाले होते.

"इंजिन बंद नाई केलं त टाकी भरतच राह्यते," डोमाजी म्हणाले. "जाऊ हळूहळू."

"अन् उतारावर इंजिन बंद पडलं त?"

ब्रेक हवेवर चालतात, हे वच्छलाबाईंना डोमाजींनीच सकाळी सांगितलं होतं.

"इतकी हवा जाते कुठी, ते त पाहू," त्या म्हणाल्या आणि खाली उतरल्या.

चाकांना दगड लावले. वाटीत साबण कालवला. डोमाजी दाढीच्या ब्रशनं पाइपांच्या एकेका जोडावर फेस लावत बसखाली सरकत गेले, आणि वच्छलाबाई गुडघ्यांवर हात ठेवून वाकून बघत राहिल्या. टाकीजवळच्या एका जोडावर फेस फुगला, फुटला, पुन्हा फुगला.

"जित्ता असल्यासारखा दिसते," त्या म्हणाल्या.

डोमाजींनी पान्यानं नट आवळला. बुडबुडे थांबले. वर येऊन दोघांनी मीटर पाहिलं. काटा जागेवर होता. डोमाजींनी समाधानानं ब्रेक दाबून पाहिला, आणि काटा पुन्हा घसरला. पाय उचलला की थांबायचा, दाबला की घसरायचा.

वच्छलाबाईंना आता राहवेना. "म्हणजे नळ सोडल्यावरच पाणी गळून राह्यलं," त्या म्हणाल्या. "नळाच्या पुढचा पाइप फुटला असंन. मी ब्रेक दाबून बसते, तुमी खाली जा."

त्या ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या. आयुष्यात पहिल्यांदाच. ब्रेकवर पाय दाबला तसा पुढून, डाव्या चाकाकडून आवाज येऊ लागला. शिट्टी व्हायच्या आधी कुकर फुसफुसतो तसा.

"सापडलं का?" त्यांनी विचारलं.

खालून उत्तर आलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. मग चुलीसाठी आणलेलं एक लाकूड ब्रेक आणि सीटच्या मध्ये घट्ट अडकवलं, आणि त्या खाली उतरल्या.

डोमाजी डाव्या चाकामागंच पडले होते. फुसफुस त्यांच्या उजव्या कानापासून हातभर अंतरावर होती.

"इथी काई नाई," ते म्हणाले. "मागच्या चाकाकडं पाहतो."

वच्छलाबाई बघतच राहिल्या. मग खाली बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "अहो."

डोमाजी हलले नाहीत.

त्या उठल्या, बसला वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेल्या, वाकल्या, आणि तितक्याच हळू म्हणाल्या, "अहो."

डोमाजींनी मान वळवली. "काय?"

"उजव्या कानानं ऐकू येत नाई का तुमाले?"

डोमाजींनी ब्रश बाहीला पुसला. मग पुन्हा पुसला.

"कमी येते."

"किती कमी?"

"नाईच येत," ते म्हणाले. "हळूहळू गेला. तुले सांगितलं असतं त तू म्हणली असती, आता हा काय गाडी चालवन."

वच्छलाबाई वळसा घालून परत आल्या, त्यांचा हात धरला आणि चाकाकडे जाणाऱ्या रबरी पाइपाच्या मागं नेऊन ठेवला. डोमाजींच्या बोटांवर गार हवा आदळली. वळणाजवळ, नजर पोचत नव्हती त्या बाजूला, पाइपाला चीर गेली होती. ते बराच वेळ बोटं तिथंच धरून राहिले.

पेटीत जादाचा पाइप होता. जुना काढला, नवा बसवला. टाकी भरली, इंजिन बंद केलं, ब्रेक दाबला. दोघं शेजारी बसून काट्याकडे बघत राहिले. काटा हलला नाही. वच्छलाबाईंनी खिडकीतून डोकं काढून ऐकलं. जंगलात सागाची वाळकी पानं गळत होती, तेवढाच आवाज.

"फुसफुस नाई येत आता," त्यांनी सांगितलं.

डोमाजींनी चावीला हात घातला.

"एक विचारू?" वच्छलाबाई म्हणाल्या. "रिटायर होऊन ऊर्जानगरचं क्वार्टर सोडताना मी तुमाले काय म्हणलं होतं?"

"गाडीत घर करू म्हणली होतीस," डोमाजी लगेच म्हणाले. "मले आधी नवल वाटलं. मंग म्हणलं, हिच्या मनात आहे त करू."

वच्छलाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"गावात," त्या म्हणाल्या. "गावात घर करू, म्हणलं होतं मी."

डोमाजींचा हात चावीवरच थांबला. त्यांनी मागं वळून पलंग पाहिले, शेगडी पाहिली, पडदे पाहिले.

"परत फिरवू का?"

"आता काऊन? ब्रेक लागून राह्यले ना. सिरोंचा मलेही पाहाचंच आहे."

बस सुरू झाली. टाकी भरली तसं डोमाजींना राहवलं नाही.

"पण मी बस घेऊन आलो, तवा तू काई बोलली काऊन नाई?"

"बोलली ना," वच्छलाबाई म्हणाल्या. "उजवीकडून बोलली असंन."