निळ्या दाराचं घर

"मीठ घातलेला चहा गं नंदा! वर लोणी तरंगतंय. दोन पेले प्यायले मी," समोरच्या ब्लॉकमधली मधुवंती आपल्या सोफ्यावर पाय पसरून सांगत होती.

नंदा तिच्या मोबाइलमधले फोटो सरकवत होती. उत्तराखंडात पार सीमेला खेटलेलं, भोटिया लोकांचं वीस उंबऱ्यांचं गाव. निळं दार. हातमागावर बसलेली म्हातारी हीरादेवी. सगळं होतं, मधुवंती तेवढी कुठेच नव्हती.

"तू कुठायस यात?"

"अगं, काढणारी मीच ना!"

नंदाच्या अंगाचा तिळपापड झाला. हे गाव तिचं होतं. तिचं आणि जयवंतचं. मुलुंडच्या याच बिल्डिंगमध्ये बसून नवरा-बायकोने निळ्या दाराच्या घरातली खोली ठरवली, आणि निघायला आठ दिवस असताना जयवंत गेला. त्याला तीन वर्षं झाली. त्याने फ्रिजवर चिकटवलेला हीरादेवीचा नंबर अजून तिथेच होता, भरलेली बॅग कपाटावर होती आणि नंदा वाण्याच्या दुकानापलीकडे गेली नव्हती. "निदान मालाडला माझ्या बहिणीकडे तरी चल," म्हणून मधुवंतीने कितीदा हात धरून ओढलं. नंदा ढिम्म हलली नाही.

आणि आता ही बया, लिफ्ट बंद पडली की पहिल्याच मजल्यावर टेकणारी, बारा दिवस तिकडे राहून आली! माझं गाव चोरलंन मेलीने!

"निघताना हीरादेवीने स्वतःचं लग्नातलं पांढरं डोईवस्त्र माझ्या डोक्यावर घातलं," मधुवंती म्हणाली. "तूही जाऊन ये म्हटलं असतं. पण जाऊ दे, तुला नाही झेपायचं."

"जिभेला हाड म्हणून नाही हिच्या!" घरी येऊन नंदा भिंतीला म्हणाली. आणि स्टुलावर चढून तिने बॅग खाली काढली.

महिन्याभराने जीपमधून खिळखिळी होऊन उतरली, तेव्हाही तिच्या डोक्यात एकच होतं. ती बारा दिवस राहिली ना? मी तेरा राहीन.

निळं दार उघडलं. हीरादेवीने मिठाचा चहा दिला. चव भयंकर होती. नंदाने हट्टाने तिसरा पेला मागून घेतला.

"मधुवंतीच्या डोक्यावर घातलंत ते वस्त्र दाखवा ना," शेवटी तिने हिंदीत विचारलंच.

हीरादेवी हसली. "ते लेकीशिवाय कुणाला नाही घालत आम्ही. आणि मधुवंतीबहन इथे आल्याच कधी?"

नंदाने पेला खाली ठेवला.

"डॉक्टरांनी उंचावर जायची बंदी केलीय त्यांना. बहिणीच्या घरून रोज फोन करायच्या. चहाची चव विचारली, माझ्या नातीकडून फोटो मागवले." हीरादेवीने चौथा पेला भरला. "म्हणाल्या, माझी नंदा बोलावून यायची नाही, जळली तरच येईल."