भरदुपारचा आकाशदिवा

२०२२च्या कार्तिकात काशीत गंगा पोहून पंचगंगा घाट गाठायची शर्यत होती. मध्यधारेत मुक्ताचे हात जड झाले. होडीतून प्रशिक्षक ओरडले, “कोहनी उठाओ, साँस गिनो! फिर से नाव पर चढ़ी तो टीम से बाहर!” कोपर आणि श्वास सांभाळताना ती आणखीच दमली. तेवढ्यात घाटावरच्या उंच बांबूवर एकच दिव्याची टोपली दिसली. वारलेल्या बाबांचा आकाशदिवा! गेलेल्यांना वाट दिसावी म्हणून तो कार्तिकात संध्याकाळी चढवायचा. आत्याने भरदुपारीच चढवला होता. “सर, अब चुप रहिए!” म्हणत ती फक्त टोपलीकडे बघत निघाली. हात आपसूक चालले, धाप ओसरली. ती पायरीला लागली, तेव्हा लोक आत्याला हसत होते, “दिवसा कसला दिवा?” “माझ्या भावाला लेकीची शर्यत बघायची होती,” आत्या म्हणाली. प्रशिक्षक हल्ली “सामने देखो” एवढंच सांगतात. पुढे आत्याही वारली. दर शर्यतीला पाण्यात उतरण्याआधी मुक्ता भरदुपारी दोन टोपल्या चढवते.