नवरीचं तोंड

निमगाव केतकीत लग्न निघालं की दाराशेजारच्या भिंतीवर वरात रंगवायला मलाच बोलावतात. नवरदेव, घोडा, वाजंत्री सगळं झोकात काढते. नवरीचं तोंड मात्र पदराखाली झाकते. उघडं काढायला गेले की माझंच उमटतं, नवऱ्यानं टाकलेल्या बाईचं, कपाळावरच्या वणासकट. मग मीच त्यावर चुना फासते. आज भिंत आमचीच, लग्न धाकट्या बहिणीचं. ती मागं येऊन म्हणाली, "अक्का, मला तोंडच न्हाय व्हय?" ओशाळून मी पदर खरवडला, तोंड काढलं. डोळे दोघींचे सारखेच, वण माझा. तेवढ्यात चुलते ओरडले, "ही तर तू! टाकलेली बाई लग्नाच्या भिंतीवर? पाव्हणं काय म्हणत्याल? पूस आधी!" सवयीनं माझा हात चुन्याच्या डब्याकडं गेला. डबा उचलला आणि गटारीत उपडा केला. "तात्या, ज्याला बघवत न्हाय त्यानं आपल्या तोंडावर पदर घ्यावा."