दागीला आलेली पत्रं

इपुकी सोनार भांडं दागीच्या थडग्यातल्या ओट्यावर ठेवतच होता, तेवढ्यात दागीची बायको हेनुत आत आली. त्याने घाईघाईने भाकरी नीट केली. भाकरीखाली, भांड्याच्या बुडाशी, शाईने लिहिलेलं पत्र होतं. मेलेल्याला पत्र असंच धाडायचं. भाकरीच्या आशेने तरी तो वाचतो.

पत्र असं: 'दागी, कोठारांच्या राखणदारा, तुझी सोन्याची शिक्क्याची अंगठी मी उजळायला नेली आणि मुलाम्याची तांब्याची परत केली. नाव मात्र अगदी तसंच कोरलंय. पलीकडच्या जगाच्या दारवानांनी अडवलं तर माझं नाव सांग. पण माझं पोट सोड. चाळीस दिवस झाले, कळ थांबत नाही.'

हेनुतचे डोळे अजून सुजलेले होते. इपुकीने मान खाली घातली.

"बरं झालं भावजी, भेटलात. तुम्हाला अक्षर येतं." तिने कोपऱ्यातल्या दुसऱ्या भांड्याकडे बोट केलं. "पुरलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून पडलंय. ह्यांनी वाचलं की नाही कोण जाणे. तुम्हीच वाचा. जरा मोठ्याने, ह्यांना कमी ऐकू यायचं."

इपुकीने वाळकी भाकरी उचलली. पत्र मेसूचं होतं. त्यानेच दागीच्या देहाला पट्ट्या गुंडाळल्या होत्या.

"'दागीमालक, पट्ट्या बांधताना तुमच्या बोटातली अंगठी मी काढून घेतली. चूक झाली. तेव्हापासून पाठ धरलीये, सोडवा. पण...'"

"पण काय? थांबू नका, ऐकतायत ते."

"'...पण घरी घासून बघितली तर आत तांबं. मी चोर असेन, पण तो सोनार माझ्याहून हलकट. माझी पाठ सोडा आणि त्याचं पोट धरा.'"

दागीने मेसूचं पत्र केव्हाच वाचलं होतं, याबद्दल इपुकीला आता शंका उरली नाही. तो गुडघ्यांवर बसला.

"वहिनी, मी..."

हेनुतने त्याला दंडाला धरून उठवलं, ओढत बाहेर अंगणात आणलं, एकदा मागे वळून बघितलं आणि त्याच्या कानाशी लागली.

"म्हणजे खरं सोनं तुमच्या घरी आहे? अहो, मग आधी नाही का सांगायचं? एवढं सोनं ह्यांच्याबरोबर पुरलं म्हणून चाळीस दिवस रडतेय मी."